मामांची बैठकीतली भाषा

"ए तम्मा, सुम्ने बैस की रा. कायकू घाई?"

हे वाक्य ज्यांचं, त्यांच्याविषयी मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. नातवंडं गिरणीतल्या गोष्टी सांगा म्हणतात तेव्हा मी भोंग्याची सांगतो, संपाची सांगतो, सुपरवायझरच्या सायकलीची सांगतो. मामांची सांगत नाही. एकदा लिहायला घेतलं होतं, चार ओळी झाल्या आणि कागद ठेवून दिला. टाळायलाही आता फारसे दिवस उरलेले नाहीत, म्हणून पुन्हा बसलो आहे.

आधी ते वाक्य. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे कानडी. सुम्ने म्हणजे गप, तेही कानडी. बैस की आपलं मराठी. शेवटचा रा तेलुगूतला, जवळच्याला हाक मारताना लावायचा. कायकू हे मोहल्ल्यातलं, दखनी. मामा हे सगळं एका दमात म्हणायचे, आणि यातला कुठला शब्द कुठून आला हे त्यांना सांगता आलं नसतं. भाकरी खाताना ज्वारी कुणाच्या रानातली हे कोण विचारतं?

मामा, म्हणजे सगळ्या गल्लीचेच मामा, आमच्या गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचेखातं म्हणजे जिथे कापड विणलं जातं ते, आणि जॉबर म्हणजे ठरावीक साचे ज्याच्या ताब्यात असतात तो माणूस. साचा बिघडला की त्याने बघायचं, साच्यावरच्या माणसाचं काही बिघडलं तरी त्यानेच बघायचं. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, मिशांत कायम कापसाचे तंतू. खात्यातल्या आवाजामुळे दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातलेले असायचे, आणि सुट्टी झाली तरी ते तसेच राहायचे. रस्त्यात कुणी बोलायला आलं की एका कानातला बोळा काढायचे, ऐकून घ्यायचे, परत घालायचे. दुसरा कशासाठी ठेवता, असं मी एकदा विचारलं. "त्यो बायकोसाठी," म्हणाले. तो त्यांनी मामींच्या समोर काढलेला मी कधी पाहिला नाही.

मी त्यांच्याच गल्लीतला. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आम्ही घरात कानडी, वाण्याच्या पेठेत मराठी आणि गल्लीत ही बोली बोलायचो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तुम्ही सोलापुरात त्या बाजूला राहिला असाल तर तुमच्याही कानात ती असेल. तिला नाव नव्हतं. कुणी विचारलंच तर लोक म्हणत, "आमचं आपलं असंच हाय."

एकदा शिरगणतीचे मास्तर आले. दुकानाच्या फळीवर बसून एकेकाला विचारत होते. मामांना त्यांनी मातृभाषा विचारली. मामांनी एका कानातला बोळा काढला, प्रश्न पुन्हा ऐकला आणि विचारात पडले. आईची तेलुगू होती, पण ती गेल्याला किती वर्षं झाली. साच्याशी बोलतो ती वेगळी, मामीशी भांडतो ती वेगळी, झोपेत काय बोलतो ते मामीलाच विचारा. मास्तर घाम पुसत म्हणाले, एकच काहीतरी सांगा. मामा म्हणाले, "सोलापूर लिवा की. बरोबर हाय ते."

साच्याशी बोलतो हे खरंच होतं. साचा हट्टाला पेटला की त्याला तेलुगूत शिव्या द्यायचे, आणि दुरुस्त होत आला की मराठीत लाडीगोडी लावायचे. विणकर म्हणायचे, मामा मराठीत शिरले की समजावं, पाच मिनिटांत साचा चालू.

गल्लीत एकाच महिन्यात दोन नव्या सुना आल्या. एक अक्कलकोटकडची, कानडीशिवाय काही न येणारी. दुसरी थेट तेलंगणातली. नळावर पहिल्याच दिवशी दोघींची घागरीवरून जुंपली. दोघी आपापल्या भाषेत एकमेकींचा उद्धार करत होत्या आणि दोघींनाही समोरची काय म्हणते ते कळत नव्हतं. मामा पाळीवरून येत होते. ते मधे उभे राहिले आणि दुभाष्याचं काम करू लागले. हिला सांगितलं, ती म्हणते तुझ्या हातात बांगड्या शोभतात. तिला सांगितलं, ही म्हणते दमली असशील, आधी तू भर. दोघी गप झाल्या. सहा महिन्यांनी दोघींना गल्लीची बोली यायला लागली, त्या दिवशीच्या शिव्यांचा त्यांनी एकमेकींकडे हिशेब लावला, आणि दोघी मिळून मामांच्या दारात भांडायला गेल्या. मामा ओट्यावर बसून नुसते हसत होते.

आता मला जे सांगायचं आहे त्यासाठी एक गोष्ट नीट समजावून द्यायला हवी.

अशा मिसळलेल्या बोलीला रीतभात नसते, जसं तोंडाला येईल तसं लोक बोलतात, असं बाहेरच्यांना वाटतं. मलाही पुढे ऑफिसात तसं ऐकवलं गेलं आणि मी मान डोलावली. पण त्या बोलीलाही घरातले कपडे होते आणि बाहेर जायचे कपडे होते. रोजच्या बोलण्यात रा यायचा, की यायची, शिव्या यायच्या, वाक्यं अर्धी सोडली जायची. आणि देवळाच्या कट्ट्यावर गल्लीची बैठक बसली की हीच माणसं वेगळं बोलायची. रा गळून जायचा. मराठी वाढायचं. वयाने लहान माणसालाही 'आपण' म्हणायचे. सावकाश, वाक्य पुरं करून बोलायचे. मामा अशा वेळी दोन्ही कानांतले बोळे काढायचे.

बैठकीत बोलायला उभं राहणाऱ्याने पहिलं वाक्य ठरलेलं म्हणायचं. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दोन्ही हातांवर पसरायचं आणि म्हणायचं, "चूक आमच्या पदरी." चूक असो वा नसो. ज्याच्यावर आळ आहे त्यानेही हेच म्हणायचं आणि ज्याचं नुकसान झालं त्यानेही. मग समोरच्या बाजूच्या कुणीतरी पुढे होऊन त्या टोकावर हाताने हलकेच झटका द्यायचा आणि म्हणायचं, "पदर झाडा, बोला." तिथून पुढे खरं बोलणं सुरू.

मला आठवतं, एकाच्या शेळीने दुसऱ्याचं रंगवून वाळत घातलेलं सूत खाल्लं होतं. शेळीवाला टॉवेल पसरून म्हणाला, चूक आमच्या पदरी. सूतवाल्याच्या चुलत्याने तो झाडला. मग शेळीवाल्याने शांतपणे सांगितलं की सूत त्याच्याच घराच्या भिंतीवर, त्याला न विचारता, शेळीच्या तोंडासमोर टांगलं होतं. सगळे हसले, भांडण मिटलं.

पण झटका दिला नाही तर? तर ज्याने पदर पसरला त्याने पुढे एक अक्षर बोलायचं नाही. चूक त्याची ठरली. तो विषय त्याने पुन्हा कधी काढायचा नाही. असं होत नसेच. माझ्या लहानपणी एकदा झालं, एका माणसाने सुनेला मारलं होतं तेव्हा. कुणी पुढे झालं नाही. तो टॉवेल घडी करून घरी गेला, आणि पुढे वर्षभरात गल्ली सोडून गेला.

मी मॅट्रिक झालो आणि मामांच्याच गिरणीच्या लेबर ऑफिसात कारकून म्हणून लागलो, कायम व्हायचं बाकी होतं. आमचे लेबर ऑफिसर पुण्याचे होते. वाईट माणूस नव्हता, हे मला स्वच्छ सांगायचं आहे, कारण पुढे अनेक वर्षं मी त्यांच्यावर ढकलत आलो. त्यांना नीटनेटकं मराठी आवडायचं. माझा पहिला मसुदा वाचून म्हणाले, तुमची भाषा चांगली आहे, घरी काय बोलता? मी म्हणालो, "मराठीच, साहेब."

ही पहिली पायरी. दुसरी याहून वाईट. दुपारच्या चहाला मी त्यांना साचेखात्यातल्या बोलीच्या नकला करून दाखवू लागलो. मामांची नक्कल सगळ्यात रंगायची. कानातला बोळा काढायचो, मान वाकडी करायचो, "सुम्ने बैस की रा" म्हणायचो. साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे आणि विचारायचे, हे तुम्ही कुठून शिकलात? ऐकतो येता-जाता, असं मी सांगायचो. खात्यातून मामा कधी ऑफिसात आले तर मी त्यांच्याशी साहेबांच्या मराठीत बोलायचो. मामांनी ते ओळखलं. त्यांना ते बरोबरच वाटलं. माझ्या वडिलांना म्हणाले, पोरगं तिथं बैठकीतलं बोलतंय, चांगलं वळण हाय.

त्या काळात दुष्काळामुळे खेड्यांतून बरीच माणसं गिरणीत बदली कामगार म्हणून आली होती. वैरागकडचा एक तरुण विणकर मामांच्या साच्यांवर होता. कामाला नवा, पण हुशार. मामा त्याला शिकवत होते.

त्याच्या साच्याची पुढची सळई निखळली होती. आडवं सूत नेणारा लाकडी धोटा साच्यातून वेगाने इकडून तिकडे जातो. तो बाहेर उडू नये म्हणून ही सळई असते. मामांनी विणाईमास्तरांना, म्हणजे खात्याच्या वरिष्ठांना, दोनदा सांगितलं होतं की हा साचा बंद ठेवा. मास्तर म्हणाले होते, माल द्यायचाय, चालवा. हे मला कसं ठाऊक? मामांनी आमच्या दुकानात, माझ्यादेखत वडिलांना सांगितलं होतं. मास्तरांना त्यांनी खास ठेवणीतली शिवीही दिली होती, ती इथे लिहीत नाही.

एका दुपारी धोटा उडाला आणि त्या तरुणाच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला.

मामांवर चार्जशीट आली. जॉबरने बिघडलेला साचा चालू ठेवला. मास्तरांनी लेखी दिलं की त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. खात्यातला जो तो घाबरलेला. साक्षीला कुणी पुढे येईना. मामांच्या हातात एवढंच होतं की चौकशीत उभं राहून घडलं ते सांगायचं. साहेब ते लिहून घेणार होते, आणि मला वाटतं, त्यांनी विश्वासही ठेवला असता. मास्तरांविषयी त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं.

आदल्या दिवशी मामा दुकानात आले. वडील बाजारात गेले होते, मी गल्ल्यावर होतो. मामांनी एका कानातला बोळा काढला.

"तम्मा, उद्या आत काय करायचं रा? म्या कसं बोलू?"

मी म्हणालो, "मामा, आपल्या रोजच्यासारखं बोलू नका. रा नको, की नको. साहेब हसतील."

ते हसतील हे मला माहीत होतं. कारण त्यांना हसायला मीच शिकवलं होतं.

"मग?"

"बैठकीतलं बोला. तसंच, सावकाश, नीट."

मामांचा चेहरा उजळला. ते त्यांना येत होतं. सोबत युनियनचा एखादा माणूस घ्या, तसा नियम आहे, असंही मी सुचवलं. त्यांनी हात झटकला. "कायकू? तू हैस की आत," म्हणाले, आणि चहापत्तीची पुडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर, कोट आणि खांद्यावर नवा कोरा टॉवेल घेऊन आले. टेबलामागे साहेब, बाजूला मी लिहायला, समोर मामा. साहेबांनी खुर्ची दाखवली तरी ते बसले नाहीत. साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि म्हणाले, तुमचं म्हणणं सांगा.

मामांनी दोन्ही कानांतले बोळे काढून कोटाच्या खिशात ठेवले. टॉवेलचं टोक हातांवर पसरलं. मान थोडी झुकवली.

"चूक आमच्या पदरी."

आणि थांबले.

साहेबही थांबले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "हे काय करतायत?"

मला उत्तर माहीत होतं. त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे ही आमच्या गल्लीची रीत आहे असं म्हणायचं, आमच्या. मग ज्यावर आपण इतके दिवस हसलो ती माझ्या घरची बोली आहे हेही आलंच. किंवा काही न सांगता उठायचं, दोन पावलं पुढे जाऊन त्या टॉवेलला हात लावायचा आणि तीन शब्द म्हणायचे. ते माझ्या तोंडात आले होते. मामांना वाटत होतं की ते म्हणायलाच मी तिथे बसलोय.

"माफी मागत असावेत, साहेब," मी म्हणालो.

असावेत. जणू मी त्या माणसाला कधी पाहिलंच नव्हतं.

साहेबांनी सुस्कारा सोडला. मामांना म्हणाले, हात पसरू नका, घडलं ते सांगा. मामा बोलले नाहीत. साहेबांनी पुन्हा विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? मामा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखादा नवखा पोरगा धागा जोडायला विसरला की उभे राहून बघायचे, तसं. मी मान खाली घालून कागदावर आरोपाची तारीख पुन्हा गिरवत राहिलो.

थोड्या वेळाने त्यांनी टॉवेलची घडी केली आणि खांद्यावर ठेवली. मी पुढे केलेल्या कागदावर तेलुगूत सही केली. त्यावर मी लिहिलं होतं की कामगाराने आपली चूक मान्य केली असून त्यास अधिक काही सांगावयाचे नाही. मराठी अगदी निर्दोष होतं.

मामांना कामावरून काढलं. फाटकाजवळच्या फळ्यावर तशी नोटीस लागली.

संध्याकाळी वडिलांनी मला विचारलं, आत झालं तरी काय? मी सांगितलं, "साहेबांनी ऐकूनच घेतलं नाही." गल्लीने ते खरं मानलं. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. दोघातिघांनी तर माझ्याच पाठीवर हात ठेवला, तू तरी काय करणार, म्हणाले. तर इतक्या वर्षांनी ही एक नोंद दुरुस्त करतो: साहेबांनी दोनदा विचारलं होतं.

मामांनी मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. मामी विचारून दमल्या. ते एवढंच म्हणायचे, "बैठक झाली." पदर पसरला, कुणी झाडला नाही, विषय संपला. ती रीत साहेबांना ठाऊक नव्हती म्हणून मोडायची हे त्यांच्या मनातही आलं नसेल. किंवा असंही असेल की साहेबांचा प्रश्नच नव्हता. झाडायला मी होतो आणि मी झाडला नाही, म्हणजे मला त्यांची चूक पटलेली दिसते, असं त्यांनी धरलं असेल. हे दुसरं मला जास्त छळतं.

त्या तरुणाची आई वैरागहून आली. तिला गल्लीच्या रीती कुठल्या ठाऊक असणार? कुणीतरी तिला नोटीस वाचून दाखवली होती. ती मामांच्या दारात उभी राहिली, ओरडली नाही, रडलीही नाही.

"तुमी सवताच्या तोंडानं कबूल केलंया न्हवं? मग माझ्या लेकराला त्या साच्यावर हुबं का केलं? तुमाला मामा म्हनत हुतं त्ये."

मामा हात जोडून उभे होते. त्यांनी तिला 'आपण' म्हटलं. आपण बसावं, आपण पाणी घ्यावं. ती पाणी न पिता गेली. मी दुकानाच्या आतून, पोत्यांच्या थप्पीमागून हे बघत होतो. बाहेर यायला पाच पावलंही लागली नसती.

त्यानंतर मामांचं बोलणं बदललं. ते सगळ्यांशी, कायमच, बैठकीतलं बोलू लागले. पोरांशी, चहावाल्याशी, मामींशीसुद्धा. रा गेला, की गेली, शिव्या गेल्या. "आपण जरा बाजूला व्हावं," असं ते रस्त्यात बसलेल्या कुत्र्याला म्हणाले, ते ऐकून पोरं हसत सुटली. पुढे पोरं मुद्दाम त्यांना बोलतं करायची आणि नकला करायची. मोठी माणसं थोडे दिवस हसली, मग टाळू लागली. तुम्हीच सांगा, रोज संध्याकाळी ओट्यावर बैठकीची भाषा बोलणाऱ्या माणसाशेजारी कोण बसणार? जिभेला चोवीस तास बाहेरचे कपडे. मामी एकदा माझ्या आईजवळ म्हणाल्या, "घरात पावणा राहतोय असं वाटतंय."

मी समोरून आलो की ते थांबायचे. "नमस्कार. आपण बरे आहात?" तम्मा त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या कुठल्या गिरणीत त्यांना घेईनात; काढलेल्या जॉबरची बातमी त्याच्या आधी पोचते. ते भिवंडीला गेले, कुणाच्या तरी पॉवरलूमवर. मी कायम झालो. लग्न झालं. शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं आणि दुकानात वडिलांकडे जायचं तर मामांच्या घरासमोरचा रस्ता सोडून मागच्या बोळाने जायला लागलो. बायकोला वाटायचं, मला त्या बोळातल्या भज्यांची आवड आहे.

ते दशक संपत आलं तेव्हा कळलं की मामा परत आलेत, छाती खराब झालीय, अंथरुणाला आहेत. जावं की नाही यात दोन आठवडे घातले. मग एका रविवारी सकाळी गेलो.

मामी दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. त्यांनी हात थांबवले नाहीत.

"आलं का साहेब? या. खुर्ची न्हाय बघा आमच्यात."

आत खाटेवर मामा होते. मिशी पांढरी, आता तिच्यात कापूस असता तरी दिसला नसता. मी हाक मारली, त्यांनी बघितलं नाही. मामी बाहेरूनच म्हणाल्या, "ऐकू येत न्हाय त्यांना. भिवंडीतच गेले कान. समोर जावा, ओठाकडं बघतेत ते."

साचेखात्यात जन्म घालवलेली माणसं ओठ वाचतात. आवाजात दुसरा उपायच नसतो. मी खाटेसमोर स्टूल ओढून बसलो. त्यांनी मला ओळखलं. उठायची धडपड केली.

"आपण आलात. बरं झालं. चहा घ्यावा."

वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं: माझ्या हातून आपल्यावर अन्याय झाला आहे. तिथे बसल्यावर ते मनात म्हणून पाहिलं आणि एखाद्या अर्जाचा मायना वाटला. गल्लीच्या बोलीत म्हणावं तर ती इतक्या वर्षांत माझ्या तोंडातून गेली होती. नकलेत आली असती, खरी आली नसती. राहता राहिली बैठकीची रीत. तिचा हक्क मला उरला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यांनी लगेच हात पुढे करून माझा पदर झाडला असता, याचीच मला भीती वाटली.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. शांतपणे, वाट बघत. एवढी वाट माझी कुणी पाहिलेली नाही.

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी आत..."

त्यांनी तेवढं वाचलं. मग त्यांनी सावकाश डोळे मिटले.

मी थांबलो. बाहेरून मामी म्हणाल्या, "डोळं मिटलं का? मग ऱ्हाऊ द्या. आता तुमी कितीबी बोला, पोचत न्हाय त्यांना."

झोप नव्हती ती. पापण्या हलत होत्या. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, ते डोळे उघडतील म्हणून. चहा आला, त्याच्यावर साय धरली. त्यांनी उघडले नाहीत. मी उठलो, मामींना येतो म्हणालो, त्या सुपाकडे बघतच हं म्हणाल्या.

त्याच उन्हाळ्यात मामा गेले. मला चार दिवसांनी कळलं.

वाक्य तिथेच तुटलं. पुढे फार काही नव्हतं. मला म्हणायचं होतं, त्या दिवशी आत मला सगळं कळत हुतं, मामा.